फाईल, संशोधन आणि आपण

आमच्या अभ्यासकेंद्रात बाहेरगावचे कार्यकर्ते, प्राध्यापक, विद्यार्थी नेहमी येत असत. चहा झाला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : सध्या कोणत्या विषयावर संशोधन चालू आहे? मी विषय सांगे. सफाई कामगार, भूमिहीन मजूर, वसतिगृहातील मुली. ऐकणाऱ्याला समाधान वाटे. परंतु या संशोधनाचे पैसे कोणत्या महिन्यात आले, माहिती गोळा करणाऱ्या मुलामुलींना मानधन केव्हा मिळाले, अहवाल कोणाच्या टेबलावर थांबला, हे मला अकरा वर्षांत एकानेही विचारले नाही. ही कारकुनी आहे आणि विचार करणाऱ्या माणसाने तिच्यात लक्ष घालू नये, असा आपला एक समज आहे. माझ्या अनुभवाने हा समज खोटा ठरवला. संशोधनात काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे पुष्कळ वेळा संशोधक वस्तीत पाऊल टाकण्यापूर्वीच कार्यालयात ठरून गेलेले असते. ते कसे ठरते, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

मी महाराष्ट्रातील एका विद्यापीठात सामाजिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या केंद्राचा कार्यक्रम समन्वयक होतो. प्रस्ताव तयार करणे, अनुदान मिळवणे, माणसे नेमणे, खर्चाचा हिशेब ठेवणे आणि अहवाल शासनापर्यंत पोचवणे ही माझी कामे. विद्यापीठाचे नाव येथे घेत नाही, कारण मी सांगतो ते एका विद्यापीठापुरते नाही.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि ते नाव प्रत्यक्ष लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत आपल्या लोकांनी काय सोसले ते या वाचकांना सांगण्याची गरज नाही. विद्यापीठाच्या दारावरील पाटीसाठी एवढी किंमत देणारा समाज दाराच्या आतील फाईलीविषयी मात्र उदासीन राहतो, ही विसंगती मला सतत जाणवत आली आहे.

पैशाचे वेळापत्रक

संशोधन-प्रकल्पाचा प्रवास सर्वसाधारणपणे असा असतो. प्रस्ताव जातो, मंजुरीपत्र येते, पहिला हप्ता येतो, त्यातून माणसे नेमली जातात, पाहणी होते, खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र पाठवावे लागते आणि ते मान्य झाले तर दुसरा हप्ता येतो. मंजुरीपत्रात रक्कम सरसकट लिहिलेली नसते. वेतन, इतर खर्च, साधनसामग्री अशी तिची शीर्षे असतात. केंद्र सरकारच्या पैशात अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेल्या निधीचे लघुशीर्ष ७८९ आणि अनुसूचित जमातींसाठीचे ७९६ असते. आपल्या नावाने निघालेला पैसा कोठे गेला, हे शोधण्याची वाट या दोन आकड्यांतून जाते. तरीही मोर्चात चालणाऱ्या किती जणांना हे आकडे ठाऊक आहेत?

केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीप्रमाणे (२०१७) आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुदानावर मिळालेले व्याजही केंद्राला वापरता येत नाही, ते भारताच्या एकत्रित निधीत भरावे लागते. हे नियम सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी आहेत आणि त्यांना माझा विरोध नाही. प्रश्न आहे तो वेळेचा.

एका वर्षी मराठवाड्यातील भूमिहीन दलित कुटुंबांच्या पाहणीला ऑक्टोबरात मंजुरी मिळाली. पैसे विद्यापीठाच्या खात्यावर जानेवारीत आले. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवला नाही तर पुढचा हप्ता अडणार होता. म्हणून आम्ही फेब्रुवारीत गावोगाव गेलो. आता मराठवाड्यातील कोणत्याही माणसाला विचारा, फेब्रुवारीत दलित वस्तीत कोण असते? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते साखर कारखान्यांकडे निघून जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परत येतात. आम्हाला वस्तीत म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लहान मुले भेटली. कित्येक दारांना कुलपे होती. 'कुटुंब उपलब्ध नाही' अशी खूण करून माहिती घेणारी मुले पुढच्या घराकडे गेली.

अहवालाची कोष्टके तयार झाली तेव्हा कर्जबाजारीपणाचे प्रमाण आम्हाला वाटले होते त्याहून कमी निघाले. एका सहकाऱ्याने तर परिस्थिती सुधारल्याचा निष्कर्षही काढला. कारण साधे होते. ज्यांच्या डोक्यावर सर्वांत जास्त उचल होती, तीच घरे कुलपात होती. आमच्या कोष्टकात जो माणूस दिसला नाही, तो आमच्या लेखाशाखेच्या वेळापत्रकामुळे दिसला नाही. यात कोणी जातीयवादी अधिकाऱ्याने कारस्थान केले नव्हते. सगळे नियमाप्रमाणे झाले होते आणि नियमाप्रमाणे होऊनच सर्वांत दुबळा माणूस गळून पडला होता. आपल्या व्यवस्थेचे हे वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळदा तिला द्वेष करावाच लागत नाही, कामकाज सुरळीत चालू ठेवले तरी पुरते.

ही चूक दुरुस्त करता आली असती. पाहणीचे महिने प्रस्तावातच लिहून, हंगामाचे कारण देऊन, मुदतवाढीची मागणी आधीच नोंदवून ठेवता आली असती. प्रस्ताव लिहिताना आम्ही सिद्धांताची पंधरा पाने लिहिली आणि वेळापत्रकाला चार ओळी दिल्या. हा दोष आमचा होता.

प्रवासखर्चाची पावती

दुसरा अनुभव मला अधिक टोचतो. शहरातील सफाई कामगारांच्या पाहणीसाठी आम्ही सहा जण नेमले. त्यांत त्याच वस्तीत वाढलेली, समाजकार्याची पदवी घेतलेली एक मुलगी होती. तिच्यामुळे ज्या दारांत आम्हाला उभे केले नसते ती दारे उघडली. बायका तिच्याशी अशा बोलल्या की आमची प्रश्नावली अपुरी ठरली. पहाटे पाचला हजेरीच्या जागी पोचायचे म्हणून ती वडापने जात असे. वडापवाला तिकीट देत नाही. तिने प्रवासखर्चाचे बिल दिले आणि लेखाशाखेने त्यावर आक्षेप घेतला : पावत्या जोडलेल्या नाहीत. मी टिपणी लिहिली. ती 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली. मी चर्चा केली. स्वयंघोषणापत्र जोडा, असे सांगण्यात आले. ते जोडले, तर ते विहित नमुन्यात नव्हते. या खेपांत तिचे मानधनही त्याच फाईलीत अडकले. आठ महिने गेले.

ती दर आठवड्याला येई आणि मी दर आठवड्याला 'पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणे. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "सर, आपल्या प्रश्नावलीत सतरावा प्रश्न आहे, मजुरी वेळेवर मिळते का? तो मी साठ बायकांना विचारला. मला कोणी विचारणार आहे का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कंत्राटदार मजुरी थकवतो म्हणून आम्ही अहवालात एक प्रकरण लिहीत होतो आणि ते प्रकरण जिच्या मेहनतीवर उभे होते तिची मजुरी आम्ही थकवली होती. कंत्राटदारही हेच सांगतो की वरून बिल निघाले नाही. त्याच्यात आणि माझ्यात त्या दिवशी मला फरक करता आला नाही. पैसे अखेर निघाले. ती आली, व्हाउचरवर महसुली तिकीट चिकटवून सही केली, आणि पुन्हा केंद्रात आली नाही. पुढच्या पाहणीला मी बोलावले तेव्हा तिने एका खासगी कार्यालयात नोकरी धरली होती.

बराच काळ मी लेखाशाखेला दोष देत होतो. नंतर नियम काढून वाचले तेव्हा कळले की प्रकल्पाच्या नावे तसलमात उचलता येते, स्थानिक प्रवासासाठी ठरावीक दैनिक भत्ता अंदाजपत्रकातच मंजूर करून घेता येतो आणि मग प्रत्येक खेपेची पावती लागत नाही. हे मी केले नव्हते, कारण ते मला माहीतच नव्हते. ज्याला महिन्याचा पगार ठरल्या तारखेला मिळतो, त्याच्या अज्ञानाची किंमत दुसरा माणूस देतो, हे मी तेथे शिकलो. माणूस गेला की त्याच्याबरोबर ज्ञानही जाते. वस्तीतून आलेले संशोधक टिकत नाहीत, अशी तक्रार आपण परिसंवादांतून ऐकतो. ते का टिकत नाहीत याचे उत्तर बिलांच्या फाईलीत आहे.

एककाचा प्रश्न

माणसे टिकण्याचा प्रश्न पुढे नेमणुकीकडे जातो. बिंदुनामावली हा शब्द आपण ऐकतो, परंतु ती कशी चालते हे फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्राच्या बिंदुनामावलीत चौथी जागा इतर मागासवर्गाची, सातवी अनुसूचित जातीची आणि चौदावी अनुसूचित जमातीची असते. आता प्रश्न असा की हे मोजायचे कोठून? संपूर्ण विद्यापीठ एक धरून, की प्रत्येक विभाग वेगळा धरून?

उदाहरणाने पाहू. एका विद्यापीठात तीस विभाग आहेत आणि प्रत्येकात एका संवर्गाची चार पदे आहेत, असे धरा. एकूण पदे १२०. विद्यापीठ हे एकक धरले तर १५ टक्क्यांप्रमाणे अनुसूचित जातींना १८ आणि साडेसात टक्क्यांप्रमाणे जमातींना ९ पदे येतात. विभाग हे एकक धरले तर चार पदांच्या विभागात सातवा बिंदू येतच नाही. तो येण्यासाठी त्या विभागातील तीन पदे रिकामी होऊन भरली गेली पाहिजेत, आणि चौदाव्या बिंदूसाठी दहा. प्राध्यापक पंचवीस-तीस वर्षे नोकरी करतो. म्हणजे हक्क कागदावर राहिला आणि त्याची तारीख पुढच्या पिढीकडे गेली. टक्केवारीला कोणी हात लावला नाही, फक्त एक शब्द बदलला.

हे काल्पनिक भय नव्हते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी विभाग हे एकक धरण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयात २२ जानेवारी २०१९ रोजी सरकारचे अपील फेटाळले गेले. देशभरचे अध्यापक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा ७ मार्च २०१९ रोजी अध्यादेश निघाला आणि जुलै २०१९ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी कायदा होऊन विद्यापीठ हेच एकक पुन्हा ठरले. या लढ्यात मला विशेष वाटले ते हे की तो ज्यांनी उभा केला त्यांनी आधी हा हिशेब मांडून दाखवला होता. घोषणा नंतर आली, गणित आधी आले.

परंतु अभ्यासकेंद्रांची स्थिती याहून अवघड आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७–२०१२) अनुदान आयोगाने अनेक विद्यापीठांत सामाजिक बहिष्करण आणि समावेशक धोरण यांची अभ्यासकेंद्रे उघडण्यास साहाय्य दिले. योजनेतले केंद्र म्हणजे योजनेपुरती पदे. बारावी योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली, नियोजन आयोग त्याआधीच गेला होता, आणि पंचवार्षिक योजना हा प्रकारच उरला नाही. त्या मार्चमध्ये अशा केंद्रांतील माणसे आपली नोकरी एप्रिलमध्ये आहे की नाही हे शोधत कुलसचिवांच्या दाराशी उभी होती. अस्पृश्यतेचा प्रश्न शतकांचा आणि त्याचा अभ्यास करणारी पदे पाच वर्षांची! आमच्याकडे तर अकरा महिन्यांचे आदेश निघत. तात्पुरती नेमणूक ४५ दिवस वा त्याहून अधिक असेल तर आरक्षण लागू करावे, असा केंद्र सरकारच्या पदांसाठी जुना नियम आहे. परंतु पदालाच 'पद' न म्हणता 'प्रकल्प साहाय्य' किंवा 'सल्लागार' म्हटले की नियम विचारणारा कोणी उरत नाही. म्हणून जाहिरात निघण्यापूर्वी ती वाचायला शिकले पाहिजे.

व्याख्या आणि धोरण

संशोधनाचे पुढे काय होते? १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० साली अहवाल आला. शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांविषयी शिफारशी झाल्या. बाबासाहेब सभेत जसे बोलत तसेच समितीच्या कामातही उतरत. दोन्ही ठिकाणी काम केल्याशिवाय मागणी खर्चाच्या यादीत जात नाही, हे ते जाणून होते.

आजचे उदाहरण सफाई कामगारांचेच घ्या. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाख केली. तरीही जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत उत्तर देण्यात आले की हाताने मैला साफ केल्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. हे कसे शक्य आहे? गटारात गुदमरून मेलेला माणूस 'धोकादायक सफाई' या वेगळ्या रकान्यात घातला की पहिला रकाना रिकामाच राहतो. माणूस मरतो ते गटारात, परंतु नोंदीतून तो पुसला जातो व्याख्येमुळे.

म्हणून प्रश्नावलीतील रकाने कोण ठरवतो याला महत्त्व आहे. आमच्या पहिल्या प्रश्नावलीत 'नोकरी : आहे / नाही' एवढेच होते. त्या मुलीने हट्ट धरून तेथे 'कायम / कंत्राटी / कंत्राटदाराचे नाव' असे घालायला लावले. लाड–पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला मिळणारी नोकरी कायम कामगाराच्या घरी जाते, कंत्राटी कामगाराच्या घरी जात नाही. तो एक रकाना नसता तर आमच्या अहवालात दोघेही फक्त 'नोकरीत' दिसले असते.

अहवाल तयार झाल्यावर आम्ही तो एप्रिलमध्ये मंत्रालयात दिला. इंग्रजीत, दोनशे पानांचा. तो कपाटात गेला. नंतर कळले की पुढच्या अर्थसंकल्पाचे अंदाज विभाग आदल्या पावसाळ्यानंतरच तयार करू लागतात. एप्रिलमध्ये कोणाच्याही हातात निर्णय नसतो. दुसऱ्या वेळी आम्ही चार पानांचे मराठी टिपण केले, त्यात संबंधित शासननिर्णयाचा क्रमांक, किती माणसे, किती खर्च, कोणत्या शीर्षातून, एवढेच मांडले आणि सप्टेंबरमध्ये दिले. त्याची एक प्रत कामगारांच्या संघटनेला दिली. त्या टिपणावर विभागाने आम्हाला बोलावले. सर्व मागण्या मान्य झाल्या असे नाही, परंतु टिपण कपाटात गेले नाही, कारण ते कोठे आहे हे विचारायला संघटनेची माणसे जात राहिली. संशोधनाच्या मागे चळवळ नसेल तर ते कपाटात जाते. चळवळीच्या हातात आकडे नसतील तर तिच्या निवेदनावर फक्त आवक क्रमांक पडतो.

आपण काय करावे

माझ्या अनुभवातून काही साध्या गोष्टी सुचतात. अभ्यासकेंद्रात काम करणाऱ्या शिक्षकांनी वित्तीय नियम स्वतः वाचावेत, ते लेखाशाखेवर सोडू नयेत. प्रस्तावात पाहणीचा महिना लोकांच्या हंगामाप्रमाणे लिहावा. माहिती गोळा करणाऱ्यांचे मानधन आणि प्रवास यांची तसलमात काम सुरू होण्याच्या आधी उचलावी, आणि ती मिळाली नसेल तर काम सुरू करू नये. प्रश्नावली वस्तीतल्या चार माणसांना दाखवून मगच छापावी. अहवालाचा सारांश मराठीत त्याच वस्तीत वाचून दाखवावा. विद्यार्थ्यांनी २००५ च्या माहिती अधिकाराचा उपयोग करून आपल्या विद्यापीठाची बिंदुनामावली, राखीव निधीचा खर्च आणि विनियोग प्रमाणपत्रे मागवावीत. संघटनांनी आपल्यातील दोन कार्यकर्ते तरी असे तयार करावेत, ज्यांना अंदाजपत्रक वाचता येते.

कोणी म्हणेल, हे सारे व्यवस्थेच्या आत राहून करायचे काम आहे, यातून क्रांती होणार नाही. होणार नाही हे खरे. परंतु १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध करणारा माणूस हिशेबाला हलके काम मानत नव्हता. त्याच माणसाने ३० मे १९४९ रोजी घटना समितीत सांगितले की महालेखापरीक्षक हा बहुधा या घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. ज्यांच्या वाट्याचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी मोजला, त्यांनी तो आता स्वतः मोजला पाहिजे.

मी ते केंद्र सोडले तेव्हा माझ्या जागी आलेल्या तरुण सहकाऱ्याला फाईली सोपवल्या. सर्वांत वर मानधनाची फाईल ठेवली आणि त्याला सांगितले की दर महिन्याच्या पाच तारखेला आधी ही उघड, मग संशोधनाचे बोल. त्याला ते थोडे विचित्र वाटले असावे. सतराव्या प्रश्नाची हकीकत मी त्याला त्या दिवशी सांगितली नाही, ती आज येथे लिहिली आहे.